मुलांना माहितीपर लेखन शिकवताना : "हे तुला कसं कळलं?"

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. वर्गात एकोणीस मुलं आहेत. बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक विषय आज मांडते.

निबंध सांगितला की आमच्या मुलांच्या वह्या भराभर भरतात. 'माझा आवडता पक्षी' म्हटलं की मोर येतो, पिसारा फुलतो आणि शेवटी 'असा हा मोर मला खूप खूप आवडतो' होतं. पण "एखाद्या गोष्टीची नुसती माहिती लिहा, ज्याने ती कधी पाहिली नाही त्याला वाचून कळली पाहिजे" असं सांगितलं की पेनं थांबतात. नाहीतर गाइडमधला उतारा जसाच्या तसा उतरतो.

आमच्या शाळेमागे विहीर आहे. विहिरीवर एक बाभूळ ओणवी झाली आहे आणि दर पावसाळ्यात तिच्यावर सुगरणीचे खोपे लटकतात. जुलैत मी 'सुगरणीचा खोपा' हा विषय दिला. दहा ओळी, फक्त माहिती. एका मुलाने लिहिलेलं जसंच्या तसं देते :

"सुगरण ही पक्षीण फार कष्टाळू असते. ती आपल्या पिलांसाठी सुंदर घरटे विणते. तिचे घरटे झाडाला झोक्यासारखे लटकते. सुगरण आपल्याला मातृप्रेमाचा संदेश देते. आपणही सुगरणीसारखे कष्ट केले पाहिजेत. अशी ही सुगरण मला खूप आवडते."

अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख. पण या मुलाचं घर त्या विहिरीला लागून आहे. त्याच्या शेळ्या तिथेच चरतात. मी त्याला जवळ बसवून विचारलं, "खोपा विणताना पाहिलंस का रे कधी?"

"हो बाई, रोज बघतो."

"कोण विणतं?"

"पिवळ्या डोक्याचा."

"मग ती पिवळ्या डोक्याची, ती मादी का?"

तो जरा थांबला. म्हणाला, "नाही बाई, तो नर. दादा म्हणतो. पण कवितेत 'ती' आहे ना."

बहिणाबाईंची ती कविता आमच्या पोरांना तोंडपाठ आहे, आणि असायलाच हवी. कवितेत खोपा विणणारी आई आहे आणि तिथे ती शोभतेही. पण हा मुलगा रोज स्वतःच्या डोळ्यांनी वेगळं बघतो आणि कागद समोर आला की ते बाजूला ठेवून 'छापलेलं' लिहितो. डोळ्यांवर त्याचा विश्वास नाही, कागदावर आहे. मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. शीर्षक, उपशीर्षकं, तृतीयपुरुषी वाक्यं, वर्तमानकाळ ही सगळी वैशिष्ट्यं मुलांना शिकवायचीच आहेत, पण नंतर. आधी एकच प्रश्न : हे तुला कसं कळलं?

आता आम्ही पानावर तीन उभे रकाने आखतो : पाहिलं, ऐकलं, वाचलं. प्रत्येक वाक्य यातल्या एका घरात बसलं पाहिजे. 'मातृप्रेमाचा संदेश देते' हे वाक्य कुठेच बसेना, तेव्हा मुलांनीच ते खोडलं. निबंधासाठी जपून ठेव म्हटलं.

'ऐकलं'मध्ये गंमत आली. निम्म्या वर्गाने लिहिलं की सुगरण खोप्यात ओल्या मातीवर काजवे चिकटवते, रात्री उजेड पडावा म्हणून. सगळ्यांच्या आज्यांनी सांगितलेलं. पुढे एका जोराच्या पावसात रिकामा खोपा खाली पडला, तो आम्ही वर्गात आणून हलक्या हाताने उघडला. (झाडावरच्या खोप्याला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम.) आत मातीचे सुकलेले गोळे खरंच होते. काजवा एकही नव्हता. मग मातीचं वाक्य 'पाहिलं'मध्ये गेलं आणि काजव्याचं 'ऐकलं'मध्येच राहिलं, 'असे लोक सांगतात' ही शेपटी लावून.

तुम्ही घरी, शाळेत हे कसं करता? सविस्तर लिहा.

अवनीची आई

वाचनखूण साठवली आहे. माझी मुलगी पाचवीत. मागच्या महिन्यात तिला शेकरूवर प्रोजेक्ट होतं. आपला राज्यप्राणी, भीमाशंकरचं अभयारण्य, लांब झुपकेदार शेपूट, सगळं छापून, कापून, चिकटवून झालं. छान गुण मिळाले. तुमचा धागा वाचून काल तिला विचारलं, "शेकरू घरटं कशाचं बांधतं गं?" तिला आठवेना. तिच्याच तक्त्यावर लिहिलेलं होतं, काटक्या आणि पानांचं.

आमच्याकडे तीन रकाने आखले तर तिसराच भरेल. आम्ही पुण्यात सहाव्या मजल्यावर राहतो. विहीर नाही, बाभूळ नाही. शहरातल्या मुलांनी 'पाहिलं'मध्ये काय लिहायचं?

जुना उपसंपादक

पाटीपेन्सिल, तुमचा प्रश्न हा आमच्या टेबलावरचा रोजचा प्रश्न होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. नवा वार्ताहर 'प्रचंड गर्दी' लिहून आणायचा. आमचे वरिष्ठ विचारायचे, "खुर्च्या किती होत्या? रिकाम्या किती? लोक उभे होते का?" त्याला सांगता आलं तर 'प्रचंड' काढून आकडा जायचा. सांगता आलं नाही तर गर्दीच बातमीतून जायची. 'भीषण', 'अभूतपूर्व', 'उत्स्फूर्त' ही विशेषणं बहुतेक वेळा न पाहिलेल्या गोष्टीवर पांघरूण घालायला येतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करावीशी वाटते, कारण शाळांमध्ये इथेच गल्लत होते. बातमी, अहवाल आणि तुम्ही म्हणता ते माहितीपर लेखन हे तीन वेगळे प्रकार आहेत. बातमी म्हणजे काल काय घडलं. सगळ्यात महत्त्वाचं आधी, कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं. अहवाल म्हणजे झालेल्या कार्यक्रमाची किंवा कामाची क्रमवार नोंद. कोण आलं, काय ठरलं, किती खर्च झाला, शेवटी सही. हे दोन्ही भूतकाळात चालतात. तुमचं खोप्याचं लेखन मात्र 'काय घडलं' हे सांगत नाही, 'कसं असतं' हे सांगतं. त्याला तारखेचा क्रम नाही, विषयाचा क्रम आहे : पक्षी कसा दिसतो, खोपा कुठे असतो, कसा विणतो. म्हणून ते वर्तमानकाळात : विणतो, लटकतो, आढळतो.

दहावीच्या उपयोजित लेखनात बातमी आहे, बारावीच्या युवकभारतीत अहवाल आहे. या तिसऱ्या प्रकाराला आपल्याकडे धड नावही रुळलेलं नाही. परिसर अभ्यास, विज्ञान, भूगोल अशा सगळ्या पुस्तकांची भाषा तीच असते, पण भाषेच्या तासाला ती लिहायला कोणी शिकवत नाही. मूल दहा वर्षं ती वाचतं आणि एकदाही लिहीत नाही.

गणितमास्तर

'सुंदर' शब्दावर आमच्या वर्गात बंदी नाही, फक्त त्याच्यापुढे माप लिहावं लागतं. पट्टी नसेल तर वीत, बोट, हात, पाऊल चालेल, पण कोणाची वीत ते लिहायचं. माझी वीत आणि सातवीतल्या मुलीची वीत यात चार बोटांचा फरक पडला, तेव्हा सेंटिमीटर का लागतो हे न सांगता कळलं.

टेम्सकाठ

आम्ही लंडनजवळ राहतो. इथल्या प्राथमिक शाळांत या प्रकाराला चक्क नाव आहे, नॉन-क्रोनॉलॉजिकल रिपोर्ट, म्हणजे उपसंपादक काका म्हणतात तसं तारखेच्या क्रमाने न जाणारं. माझ्या मुलाच्या बाकावर यादीच चिकटवलेली असायची : शीर्षक, ओळख करून देणारा परिच्छेद, उपशीर्षकं, वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, विषयातले खास शब्द आणि त्यांचे अर्थ, चित्राखाली ओळ. लिहून झालं की प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

या यादीचा फायदा मी जवळून पाहिला आहे, म्हणून पाटीपेन्सिल, 'वैशिष्ट्यं नंतर' या तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. त्याने साळिंदराच्या कुळातल्यासारख्या दिसणाऱ्या इथल्या काटेरी हेजहॉगवर लिहिलं (दिसायला सारखा, पण कूळ वेगळं, हेही त्याला तेव्हाच कळलं). उपशीर्षकं आधी दिली नसती तर त्याने खाणं, झोपणं, काटे, परत खाणं असं सगळं कालवलं असतं. 'अन्न' हा शब्द कागदावर दिसल्यावर तो स्वतःच शोधू लागला की अन्नाबद्दल मला अजून काय माहीत आहे. रिकामं उपशीर्षक मुलाला प्रश्न विचारतं.

पण तोटाही तितकाच खरा. खुणा सगळ्या असायच्या आणि मजकूर कोरडा. हेजहॉग थंडीत दीर्घ झोप घेतो हे त्याने लिहिलं, पण आमच्या बागेत पानांच्या ढिगाखाली एक झोपलेला असतो हे लिहिलं नाही. 'ते माझं आहे, रिपोर्टमधलं नाही' म्हणाला. तुमच्या मुलाने अगदी हेच केलं ना?

किहीमकर

खोप्याचा विषय निघाला आणि आमच्या गावाचं नाव नाही, असं कसं होईल. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली सुगरणीचा अभ्यास आमच्या किहीमला केला, अलिबागजवळ. त्या वेळी ते तिशीत होते आणि हाताला नोकरी नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती, तिच्याकडे ते दिवसचे दिवस बघत बसले.

त्यांना जे दिसलं ते असं : खोपा नर विणतो. अर्धा झाला की माद्या येऊन पाहून जातात. एखादीला पसंत पडला तर ती त्यात राहते आणि मग नर तो पुरा करतो. तिची अंडी उबवणं सुरू झालं की हा शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. तोवर या पक्ष्याच्या संसाराबद्दल बरंचसं अंदाजानेच बोललं जात होतं.

म्हणजे तुमच्या विहिरीवरच्या मुलाला जे दिसतं, तेच त्यांनी पाहिलं. त्यांनी ते लिहिलं, एवढाच फरक. हे त्या मुलाला नक्की सांगा.

साताऱ्याची सई

सगळं पटतंय, पण एक भीती वाटते. मुलांच्या लिहिण्यातून आवड, उपमा, भावना असं सगळं काढत गेलो तर लिहिण्याची गोडीच जाईल का? माझ्या मुलाला एकदा 'माझी आजी' यावर लिहिताना 'आजीच्या हाताला भाकरीचा वास येतो' हे वाक्य वर्गात खोडायला लावलं होतं, 'मुद्दा नाही' म्हणून. त्यानंतर तो कितीतरी दिवस फक्त विचारलं तेवढंच लिहायचा. मला फार वाईट वाटलं होतं.

जुना उपसंपादक

सई, ते वाक्य खोडायला नको होतं. तो वास त्या मुलाने स्वतः घेतलेला आहे. पाटीपेन्सिलच्या रकान्यांत ते पहिल्याच घरात बसतं. खोडायचं असतं ते 'आजी म्हणजे प्रेमाचा सागर'.

उपमेला हरकत नाही, ती आकार दाखवत असेल तर. 'खोपा दुधी भोपळ्यासारखा, खाली लांब नळी' ही उपमा पक्षी न पाहिलेल्या माणसाला खोपा दाखवते. 'स्वर्गीय महालासारखा' काहीच दाखवत नाही.

पाटीपेन्सिल

इतके जीव लावून लिहिलेले प्रतिसाद बघून फार बरं वाटलं. एकेकाला उत्तर देते.

टेम्सकाठ, तुमचं म्हणणं मान्य. मी 'नंतर' म्हणाले ते जरा घाईने. आता आम्ही असं करतो : रकान्यांतलं एकेक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं. सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि कोणती कोणाशेजारी बसते ते मुलांनी ठरवायचं. ढीग तयार झाले की प्रत्येक ढिगाला नाव द्यायचं. ते नाव म्हणजे उपशीर्षक. एकच चिठ्ठी असलेला ढीग दिसला की मुलं म्हणतात, "बाई, इथे कमी पडतंय," आणि परत विहिरीकडे पळतात. तुमचं रिकामं उपशीर्षक प्रश्न विचारतं, तसाच हा ढीग विचारतो.

किहीमकर, सालिम अलींचं सांगितलं. तो मुलगा काहीच बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत येताना वहीत आकडे घेऊन आला : खोपे २३, त्यातले अर्धवट ९. त्याने असंही लिहिलं की जवळजवळ सगळे खोपे झाडाच्या एकाच अंगाला आहेत, 'सूर्य उगवतो त्या बाजूला'. मी इतकी वर्षं ते झाड बघते, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पावसाळी वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पूर्वेची बाजू आडोशाची. हे कारण मी वाचलेलं होतं. ते त्याने 'वाचलं'मध्ये घातलं, 'बाईंनी वाचलं' असं लिहून.

भाषेची एक अडचण इथे मुद्दाम मांडते, कारण ती मराठीचीच आहे. 'सुगरण' हा शब्दच स्त्रीलिंगी. 'सुगरण विणते' हे तोंडात आपोआप येतं आणि माहिती तिथेच चुकते. 'सुगरण विणतो' लिहिलं की कानाला खटकतं. मुलांनी बरीच खटपट करून 'सुगरण पक्ष्याचा नर खोपा विणतो' असं वाक्य जुळवलं. घार, साळुंकी, खार, मुंगी असे कितीतरी स्त्रीलिंगी शब्द आहेत, आणि मुंगूस नपुंसकलिंगी. नावाचं लिंग वेगळं आणि प्राण्याचं वेगळं, हे माहितीपर लेखनातच पहिल्यांदा लक्षात येतं. व्याकरणाचा तो तास मी ठरवूनही इतका चांगला घेतला नसता.

दुसरं, 'मी' काढायचं कसं? 'मी पाहिलं की अर्धा खोपा हेल्मेटसारखा दिसतो' यातलं 'मी पाहिलं की' झाकलं तरी वाक्य उभं राहतं. मुलं बोटाने तेवढा भाग झाकून वाचतात. पण एकदाच घडलेली गोष्ट झाकून चालत नाही. 'काल कावळ्याने खोपा फाडला' याचं 'कावळा खोपा फाडतो' करायचं नाही. एकदा पाहिलं तर 'कधी कधी' तरी लिहिता येईल का, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं, एकदा पाहिलेलं 'एकदा पाहिले' असंच लिहायचं.

अवनीची आई, शहरात बघण्यासारखं खूप आहे हो. लिफ्ट कशी चालते, गच्चीवरची टाकी किती वेळात भरते, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका कपड्यांवर खुणा कशा करतात. आणि सहाव्या मजल्यावर कबूतर नाही असं घर मी पुण्यात पाहिलेलं नाही.

गणितमास्तर

अर्ध्या खोप्याला किती दिवस लागतात हे मोजायला लावा. पुस्तकात साधारण आठ दिवस दिलेत, पूर्ण खोप्याला अठरा. तुमच्या बाभळीवर किती लागतात ते बघूया.

अवनीची आई

तीन आठवड्यांनी परत आले. तुम्ही कबुतराचं लिहिलंत आणि त्याच आठवड्यात आमच्या बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत कबुतराने दोन अंडी घातली. अवनीने दारामागून रोज नोंद ठेवली. पहिले चार दिवस तिची एकच ओळ : 'कबूतर बसले आहे.' पाचव्या दिवशी तिला दिसलं की सकाळी जे बसतं त्याच्या पंखावर एक पांढरं पीस आहे आणि दुपारी जे बसतं त्याच्या पंखावर नाही. म्हणजे दोन कबूतरं पाळीने बसतात! त्या दिवशी तिने शाळेतून फोन करायला लावून मला विचारलं, "आत्ता कुठलं बसलंय?" मी ऑफिसात होते. सासूबाईंनी बघून सांगितलं.

मग तिने पुस्तकात शोधलं. नर आणि मादी दोघंही उबवतात हे तिथे होतं. ती म्हणाली, "आई, हे वाचलं पण आहे आणि पाहिलं पण. कुठल्या रकान्यात लिहू?" आम्ही दोन्हीत लिहिलं. अठराव्या दिवशी पिल्लू बाहेर आलं. तिचं पान भरून गेलंय, आणि तिसऱ्या रकान्यात फक्त दोन ओळी आहेत.

पाटीपेन्सिल

अवनीला माझी शाबासकी सांगा. तिचं पान माझ्या वर्गात वाचून दाखवायला मिळेल का?

आता आमच्या मुलाचं शेवटचं लेखन. चौथा खर्डा आहे. मी फक्त दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

"सुगरणीचा खोपा

सुगरण हा चिमणीएवढा पक्षी आहे. पावसाळ्यात नराचे डोके पिवळे होते. मादी चिमणीसारखी दिसते.

*जागा* : खोपे विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या फांद्यांना लटकतात. खाली पाणी आणि वर काटे असतात. आमच्या बाभळीवर २३ खोपे आहेत. बहुतेक खोपे पूर्वेच्या बाजूला आहेत. पावसाचा वारा दुसऱ्या बाजूने येतो (बाईंनी वाचले).

*विणणे* : खोपा नर विणतो. तो उसाच्या पानाला चोचीने चीर पाडतो आणि लांब पट्टी ओढून उडतो. अर्धा खोपा हेल्मेटसारखा दिसतो. मादी येऊन आत बसून पाहते. काही खोपे अर्धेच राहतात. आमच्या झाडावर असे ९ आहेत.

*आतली बाजू* : पडलेला खोपा माझ्या तीन विती लांब होता. आत मातीचे पाच गोळे होते. त्यावर काजवे लावतात असे लोक सांगतात. आम्हाला काजवे दिसले नाहीत.

*अजून कळले नाही* : मादी खोप्यात झोपते. नर रात्री कुठे झोपतो?"

शेवटचा ढीग त्याने स्वतःच वाढवला. मला उत्तर माहीत नव्हतं आणि त्याच्या दादालाही नाही. उद्या शनिवार आहे. संध्याकाळी साडेसहाला आम्ही पाच-सहा जण विहिरीच्या कठड्यापासून लांब, बांधावर बसून बघणार आहोत. त्याचे वडील बॅटरी घेऊन सोबत येणार आहेत.